‘काही नाही, घरीच असते’ हे उत्तर कोणत्या रकान्यात लिहावे?

माळावरची (धागाकर्ती)

समाजशास्त्राच्या पदव्युत्तर प्रबंधासाठी मी माण तालुक्यातील एका गावात शेतकरी कुटुंबांतील स्त्रियांच्या कामाचा अभ्यास करीत आहे. पद्धतीच्या प्रश्नावर मी अडले आहे, आणि पाठ्यपुस्तकातले ‘गुणात्मक व संख्यात्मक संशोधन’ हे प्रकरण दोनदा वाचूनही तो सुटला नाही, म्हणून हा धागा काढते आहे. माझे मार्गदर्शक सांगतात की किमान दोनशे घरांच्या प्रश्नावल्या भरून आण, त्याखेरीज प्रबंध कोणी वाचणारही नाही. विभागातल्याच दुसऱ्या प्राध्यापिका सांगतात की पंधरा बायकांबरोबर एक हंगाम काढ, प्रश्नावलीतून तुझ्या हाती काहीही लागणार नाही. दोघांचाही अनुभव मोठा आहे. फक्त हे बोलणे ते एकमेकांशी करीत नाहीत, माझ्यामार्फत करतात.

पूर्वचाचणी म्हणून मी छापील प्रश्नावली घेऊन बारा घरांत गेले. पाचवा प्रश्न होता, ‘आपण काय काम करता?’ बहुतेक घरांतून एकच उत्तर आले : ‘काही नाही, घरीच असते.’ हे उत्तर देणाऱ्या एका काकूंच्या डोक्यावर त्या वेळी कडब्याच्या पेंढ्या होत्या आणि त्या गोठ्याकडे निघाल्या होत्या. आणखी एका घरी उत्तर दिले ते नवऱ्याने, ओसरीवर बसून. वहिनी घरात नव्हत्याच, त्या बाजरी भांगलायला गेल्या होत्या. तरीही मी निमूटपणे ‘गृहिणी’ या चौकटीत खूण केली, कारण प्रश्नाचे जे उत्तर मिळेल ते लिहायचे अशी सूचना मीच प्रश्नावलीच्या वर छापून ठेवली होती.

घरी येऊन मी राष्ट्रीय पातळीवरील श्रमबल सर्वेक्षणाची संकेतावली काढून पाहिली. तिथे प्रत्येक व्यक्तीच्या कामाला दोन आकडी संकेत दिलेला असतो. स्वतःच्या शेतीत किंवा धंद्यात स्वतः राबणाऱ्यासाठी ११, घरच्या धंद्यात मोबदल्याशिवाय हातभार लावणाऱ्यासाठी २१, फक्त घरकाम करणाऱ्यासाठी ९२, आणि घरकामाबरोबरच घरापुरते सरपण, भाजीपाला, जनावरांचा चारा गोळा करणे, शिवणटिपण असे काही करणाऱ्यासाठी ९३. पहिले दोन संकेत श्रमबलात, म्हणजे काम करणाऱ्या किंवा काम शोधणाऱ्या लोकांत, मोजले जातात, शेवटचे दोन त्याबाहेर राहतात. आता डोक्यावर कडबा घेतलेल्या काकू २१ मध्ये बसतात, ९३ मध्ये की ९२ मध्ये? म्हैस घरच्या दुधासाठी असली तर एक उत्तर आणि दूध डेअरीला जात असले तर दुसरे, असे आहे का? आणि मी तर त्यांना म्हशीबद्दल विचारलेलेच नव्हते.

माझा प्रश्न असा आहे. दोनशे घरे घेतली तर हीच चूक दोनशे वेळा होईल. पंधरा बायका घेतल्या तर प्रत्येकीचे काम मला नीट दिसेल, परंतु त्या पंधराजणी गावाच्या कोण लागतात हे मला सांगता येणार नाही. ‘दोन्ही पद्धतींचा संगम करावा’ हे वाक्य सर्वत्र आहे, आणि मी ते परीक्षेत लिहिलेही आहे. तो संगम नेमका कुठल्या दिवशी, कुठल्या कागदावर करायचा, हे मला जाणकारांकडून समजून घ्यायचे आहे.

अंशछेद

धागा उत्तम आहे. मी आयुष्यभर आकडेवारीचे काम केले, त्यामुळे माझा कल कुठे असेल हे उघड आहे, तरी आधी माझ्याच बाजूची एक अडचण सांगतो.

आपल्या जनगणनेत १९६१ साली, कामाच्या हंगामातील बहुतेक काळ दिवसाला तासभर जरी नियमित काम केले, तरी ती व्यक्ती ‘काम करणारी’ धरली जात असे. १९७१ साली प्रश्न बदलला आणि प्रत्येकाला त्याचा मुख्य उद्योग विचारण्यात आला. बाईने मुख्य उद्योग ‘घरकाम’ सांगितला की ती काम न करणाऱ्यांत गेली. परिणामी १९६१ मध्ये २८ टक्क्यांच्या आसपास असलेला स्त्रियांचा कार्यसहभाग दहा वर्षांत निम्म्यावर, किंबहुना त्याच्याही खाली आला. देशभरच्या बायकांनी दहा वर्षांत खुरपी खाली ठेवली, असे कोणीच म्हणणार नाही. १९८१ मध्ये मुख्य आणि सीमांतिक (म्हणजे वर्षातले सहा महिनेही काम नसलेले) काम करणारे असे दोन वर्ग करून ही पडझड थोडी सावरण्यात आली, आणि १९९१ च्या प्रश्नात ‘शेतावरील किंवा घरच्या उद्योगातील बिनमोबदल्याचे काम धरून’ असे शब्द मुद्दाम घालण्यात आले. त्यामागे स्त्रियांच्या कामाची मोजणी नीट व्हावी म्हणून झालेली मोठी खटपट होती. म्हणजे कोट्यवधी माणसांच्या संपूर्ण मोजणीतसुद्धा, जिथे नमुना निवडण्याची चूक शून्य असते तिथेही, आकडा प्रश्नाच्या शब्दांवर उभा असतो. आपल्या पाचव्या प्रश्नाचे घराणे जुने आहे, एवढेच.

दुसरे उदाहरण गरिबीच्या मोजणीचे देतो. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षण १९५० मध्ये सुरू झाले आणि सुरुवातीच्या वर्षांतच संख्याशास्त्रज्ञ महालनोबिस यांच्या मंडळींनी एक साधा प्रयोग केला : घरखर्च विचारताना गेल्या आठवड्याचा विचारावा की गेल्या महिन्याचा? पुढे अनेक दशके तीस दिवसांचा काळ प्रमाण मानला गेला. नव्वदीच्या दशकात काही फेऱ्यांत पुन्हा दोन्ही प्रकारच्या प्रश्नावल्या वेगवेगळ्या घरांत वापरून पाहिल्या, तेव्हा सात दिवसांच्या प्रश्नावलीतून अन्नावरचा खर्च जास्त निघतो असे दिसले. मग १९९९-२००० च्या फेरीत अन्नासाठी सात दिवस आणि तीस दिवस हे दोन्ही रकाने एकाच घरात, एकाच कागदावर, शेजारी शेजारी ठेवले. झाले असे की एका रकान्यातल्या उत्तराची सावली दुसऱ्यावर पडू लागली. १९९३-९४ मध्ये ३६ टक्के असलेली गरिबी या फेरीत २६ टक्क्यांवर आली आणि त्यातली किती घट खरी आणि किती रकान्यांची, यावर अर्थशास्त्रज्ञांत वर्षानुवर्षे वाद चालला. अँगस डीटन यांच्यासारख्यांनी त्या आकड्यांची दुरुस्ती करण्याच्या पद्धती काढल्या. हा सगळा वाद संख्यावाल्यांनी संख्यावाल्यांशी केला. ‘आकडेवाले आकड्यांवर डोळे मिटून विश्वास ठेवतात’ हा आरोप म्हणूनच मला मान्य नाही.

महालनोबिस यांनी तागाच्या पिकाच्या पाहणीपासून आणखी एक युक्ती वापरली होती. एकाच प्रदेशातून दोन स्वतंत्र नमुने घ्यायचे आणि ते दोन वेगळ्या पथकांकडून मोजून घ्यायचे. दोन उत्तरांत जो फरक पडेल त्यातून मोजणाऱ्या माणसाचा हात किती लागला, हे उघडे पडते. तुमच्या विभागात दुसरा कोणी विद्यार्थी मोकळा असेल तर त्याला त्याच बारा घरांत पाठवून पाहा.

दोनशेबद्दल म्हणाल तर त्या आकड्यात जादू नाही. निव्वळ यादृच्छिक, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारखी, निवड असेल आणि पाच टक्के इकडेतिकडे चालणार असेल, तर ९५ टक्के खात्रीसाठी चारशेच्या आत-बाहेर नमुना लागतो, मग लोकसंख्या एका तालुक्याची असो वा राज्याची. गाव लहान असेल तर कमी पुरतो, आणि अगदीच लहान असेल तर सगळीच घरे घेतलेली बरी.

सरळरेषा

मला इतक्या खोलात जाण्याची गरज वाटत नाही. शितावरून भाताची परीक्षा होते हे आपल्या आज्या सांगून गेल्या. पंधरा बायका नीट निवडल्या तर गाव कळतेच. प्रश्न फक्त विचारणाऱ्याच्या कौशल्याचा आहे.

गोधडी

सरळरेषा, म्हण चांगली आहे, पण ती भातापुरतीच खरी आहे. एका पातेल्यातले तांदूळ एका जातीचे असतात आणि त्यांना सारखीच आच लागलेली असते, म्हणून एक शित पुरते. गाव हे तसे पातेले नाही. विहीर बागायत असलेले घर, कोरडवाहू घर, ऊसतोडीला जाणारे घर आणि ज्याचा सातबाराच नाही असे घर यांना वेगवेगळी आच लागते. मी स्वतः गुणात्मक काम करते, आणि आमच्या बाजूला सर्वांत जास्त निष्काळजीपणा नेमका इथेच होतो असे माझे मत आहे. आम्ही ‘तीस स्त्रियांशी सखोल संवाद साधला’ असे लिहितो, त्या तीसजणी कशा भेटल्या हे लिहीत नाही. त्या बहुधा बचत गटाच्या अध्यक्षांनी किंवा आशाताईंनी गोळा केलेल्या असतात. सकाळी अकराच्या गटचर्चेला जी बाई येऊ शकते, तिच्या घरची म्हैस त्या वेळी दुसरे कोणीतरी सांभाळत असते. जिला यायला फुरसत नाही तिच्याबद्दलच आपल्याला लिहायचे असते, आणि तीच खोलीत नसते.

आता धागाकर्तीच्या पाचव्या प्रश्नाकडे येते. ‘काम’ हा शब्द त्या काकूंना कळला नाही असे नाही, त्यांना तो अगदी बरोबर कळला. आपल्याकडे ‘काम करणे’ आणि ‘कामाला जाणे’ यांत फरक आहे. ‘कामाला जाते’ म्हणजे दुसऱ्याच्या बांधावर रोजाने जाते. स्वतःच्या शेतात बाई दिवसभर राबली तरी ती ‘रानात’ जाते, ‘कामाला’ जात नाही. अनोळखी मुलगी वही घेऊन दारात उभी राहते आणि कामाचे विचारते, तेव्हा ऐकणारीला तो प्रश्न ‘तू मजुरीला जातेस का?’ असा ऐकू येतो, आणि त्याचे उत्तर ‘नाही, घरीच असते’ असेच आहे. त्यात थोडा मानही आहे. ज्या घराचे बरे चालले आहे त्या घरची सून रोजाने जात नाही, हे गावाला दाखवायचे असते. नवरा ओसरीवरून उत्तर देतो तेव्हा तर ते उत्तर बायकोच्या दिवसाबद्दल नसतेच, घराच्या प्रतिष्ठेबद्दल असते.

म्हणजे आपल्या हाती आलेले उत्तर चूक नव्हते. ते दुसऱ्याच एका प्रश्नाचे बरोबर उत्तर होते. हे एकदा कळले की ‘घरीच असते’ ही माहितीसुद्धा जपून ठेवण्यासारखी ठरते. कोणत्या घरांतून हे उत्तर आले आणि कोणत्या घरांतून ‘रोजाने जाते की’ असे सहज आले, याची वर्गवारी केली तर गावातल्या प्रतिष्ठेचा नकाशा हाती येईल. तो मात्र स्त्रियांच्या श्रमाचा नकाशा म्हणून छापू नका.

एक शब्द आणखी सुचवते : सावड. तुमच्या भागात बहुधा ‘पैरा’ म्हणतात. आज मी तुझ्या शेतात, परवा तू माझ्या, पैशाचा व्यवहार नाही. दुसऱ्याच्या बांधावर गेलेली ही बाई मजूर नाही, आणि त्या दिवशी स्वतःच्या शेतातही नाही. खुरपणीच्या दिवसांत हेच काम सर्वांत जास्त चालते. तुमच्या छापील प्रश्नावलीत त्याला जागा आहे का?

वहीखाली

मी काही वर्षे कंत्राटावर अन्वेषक म्हणून वेगवेगळ्या पाहण्यांचे काम केले. संस्थांची नावे घेत नाही. रकाना भरणाऱ्याच्या बाजूने दोन गोष्टी सांगतो, कारण वरील चर्चेत तो कुठेच दिसत नाही.

पहिली गोष्ट म्हणजे, संकेत निवडताना अन्वेषकाच्या डोक्यात व्याख्या असते तसा दिवसही असतो. दिवसाला ठरावीक घरे व्हायला हवीत. एखाद्या बाईला ‘काम करणारी’ असे लिहिले की तिच्यासाठी पुढचा सगळा भाग उघडतो : उद्योग कोणता, किती दिवस, किती तास, कोणत्या ठिकाणी. ‘घरकाम’ लिहिले की पान उलटते. संध्याकाळी सहा वाजता, शेवटची गाडी चुकायच्या बेतात असताना, माणूस कुठली चौकट निवडतो हे मी स्वतः अनुभवले आहे, आणि ते सांगताना मला अभिमान वाटत नाही. प्रशिक्षणात याविषयी कोणी चकार शब्द काढला नव्हता.

दुसरी गोष्ट अशी की घरातील एकाच माणसाने सर्वांची उत्तरे दिली तरी बहुतेक पाहण्यांत चालते. घरी सापडतो तो बहुधा म्हातारा सासरा किंवा दारात बसलेला दीर. सुनेच्या दिवसाबद्दल त्याला जे माहीत असते तेच देशाच्या आकडेवारीत जाते. धागाकर्तीला माझी एवढीच विनंती आहे की उत्तर कोणी दिले, यासाठी प्रत्येक पानावर एक बारीक चौकट ठेवा. ती भरायला दोन सेकंद लागतात, आणि विश्लेषणाच्या वेळी तिच्याइतका उपयोगी रकाना दुसरा सापडणार नाही.

माळावरची

सर्वांचे आभार. वहीखाली यांची चौकट मी आजच घातली. गोधडी यांनी सांगितलेला ‘कामाला जाणे’ हा अर्थ वाचून मी माझ्या नोंदी पुन्हा पाहिल्या, तर एका आजींचे अख्खे वाक्य मी समासात लिहून ठेवले होते : ‘आम्ही कुठं कामाला जातोय, आमचंच रान सरंना.’ आणि तरीही चौकटीत खूण ‘गृहिणी’ या शब्दावरच होती. पैऱ्यासाठी मात्र प्रश्नावलीत जागा नव्हती.

तरीही माझी एक शंका उरते. हे सगळे संवादातून, ऐकण्यातून कळले. मग आकड्यांनी मला असे काय मिळणार आहे जे या मार्गाने मिळत नाही?

अंशछेद

खोट्या गोष्टी मोडता येतात, हे मिळते. उदाहरण ताजे घ्या. २०१७-१८ पासून जे नियतकालिक श्रमबल सर्वेक्षण चालते, त्यात १५ वर्षांवरील स्त्रियांचा श्रमबलातील सहभाग त्या पहिल्या वर्षी २३.३ टक्के होता आणि २०२३-२४ मध्ये तो ४१.७ टक्के झाला. ग्रामीण भागात तर २४.६ वरून ४७.६. यावर दोन कथा लगेच तयार झाल्या. एक कथा अशी की स्त्रियांना नोकऱ्या मिळू लागल्या. आकडे उलगडून पाहिले की ही कथा टिकत नाही, कारण वाढ मुख्यतः ग्रामीण स्वयंरोजगारात आहे, आणि त्यात संकेत २१, म्हणजे घरच्या शेतीत बिनमोबदला हातभार लावणाऱ्या, यांचा वाटा मोठा आहे. पगारी नोकऱ्यांत तशी उसळी नाही. कितीही रसाळ मुलाखती घेतल्या तरी हे समजले नसते, कारण प्रत्येक मुलाखतीत एकच बाई असते आणि वाटा हा सगळ्यांचा मिळून असतो.

दुसरी कथा अशी की काहीच बदलले नाही, फक्त अन्वेषक आता नीट विचारू लागले आणि ९२-९३ मधल्या बायका २१ मध्ये सरकल्या. ही कथा खरी की घरात पैशाची ओढाताण वाढल्याने स्त्रिया खरोखरच शेतात जास्त राबू लागल्या, हे तक्त्यातून ठरत नाही. इथे माझे दुकान बंद होते आणि गोधडी यांचे उघडते. एखाद्या गावात जाऊन पाच-सात वर्षांत कोणाच्या दिवसात काय बदलले, पुरुष बाहेर गेले का, म्हशी वाढल्या का, हे विचारावेच लागेल. मात्र काय विचारायला जायचे, हे त्या तक्त्याने ठरवून दिलेले असते.

गोधडी

मान्य, पण एक भर घालते. ‘दुकान’ ही उपमा मला खटकली. ९२ आणि २१ यांच्यामधली रेषा कोणीतरी कधीतरी आखली. धान्य पिकवले तर ते आर्थिक काम, घरच्या घरी निवडून दळून भाकरी केली तर नाही. ही रेषा आखणे हेच मुळात अर्थ लावण्याचे, म्हणजे गुणात्मक, काम आहे. ते एका बैठकीत झाले आणि नंतर विसरले गेले, म्हणून आपल्याला संकेत निसर्गातून आल्यासारखे वाटतात. आमचे काम तुमच्या तक्त्यानंतर सुरू होते असे नाही, ते तुमच्या तक्त्याच्या मथळ्यातच झालेले असते.

आणि आमच्या बाजूचे पाप पुन्हा एकदा. समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास यांनी म्हैसूरजवळच्या एका गावात १९४८ साली क्षेत्रकार्य केले. १९७० मध्ये ते स्टॅनफर्डला असताना तिथल्या आगीत त्यांच्या प्रक्रिया केलेल्या नोंदींच्या सर्व प्रती जळाल्या, आणि त्यांनी बऱ्याच अंशी आठवणींतून ते गाव पुन्हा उभे केले. ते लेखन श्रेष्ठ मानले जाते आणि मलाही ते तसेच वाटते. परंतु आमच्या वर्गात ही कथा नेहमी प्रतिभेची कथा म्हणून सांगितली जाते, आणि नोंदवहीच्या दुसऱ्या प्रतीचे महत्त्व त्यातून कोणी शिकत नाही. माझ्या एका विद्यार्थिनीने सगळ्या मुलाखती एकाच मोबाइलवर ठेवल्या होत्या. पुढचे सांगत नाही.

पवनाकाठ

मी पिंपळे सौदागरला राहतो. इथल्या बहुतेक सोसायट्यांत कोणाला ठाऊक नसते की भारतातील गावपाहणीच्या आरंभीच्या कामांपैकी एक इथेच झाले. पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरल्ड मॅन यांनी आपल्या सहकाऱ्यांबरोबर या गावाची जमीन आणि श्रम यांचा अभ्यास केला आणि तो १९१७ मध्ये प्रसिद्ध झाला. या धाग्याशी त्याचा संबंध असा की तो दोनशेचा नमुनाही नव्हता आणि पंधरा मुलाखतीही नव्हत्या. अख्खे गावच त्यांनी घेतले.

त्यांनी जुने दप्तर वापरून दाखवले की १७७१ मध्ये जमिनीची सरासरी धारणा ४० एकर होती, १८१८ मध्ये ती साडेसतरा एकरांवर आली आणि १९१४-१५ मध्ये सात एकरांवर. हा झाला संख्येचा भाग, आणि तो अजूनही शेतीच्या तुकडीकरणावरच्या लेखनात उद्धृत होतो. पण मला त्याहून मोलाचा वाटतो तो कुटुंबांच्या जमाखर्चाचा भाग. १०३ कुटुंबांपैकी फक्त आठ कुटुंबे निव्वळ जमिनीवर धडपणे उभी होती, २८ कुटुंबे बाहेरच्या मजुरीच्या आधाराने, आणि उरलेली ६७ कर्जाच्या बाजूला. कोणते घर कोणत्या वर्गात घालायचे हे ठरवायला त्या घराचे कर्ज, बाहेर जाणारा माणूस, जनावरे, हे सगळे घरनिहाय माहीत असावे लागते. ६७ हा आकडा लिहिण्याआधी ६७ उंबरे झिजवावे लागतात. नंतर त्यांनी आपले सहकारी कानिटकर यांच्याबरोबर जातेगाव बुद्रुक या कोरडवाहू गावाची दुसरी पाहणी केली आणि ती १९२१ मध्ये आली. एक गाव शहराच्या सावलीतले असले तर दुसरे दूरचे घ्यावे, ही समज तेव्हाही होती.

माणमधले तुमचे गाव फार मोठे नसेल तर दोनशे की पंधरा हा वादच सोडून द्या आणि सगळी घरे घ्या, असे मी म्हणेन. मात्र मॅन यांच्या त्या तक्त्यांतही काम कुटुंबाचे आहे, बाईचे वेगळे नाही. ते तुम्हाला करायचे आहे.

माळावरची

पवनाकाठ यांचा सल्ला मी मार्गदर्शकांपुढे ठेवला. सर्व घरांची छोटी यादी, आणि त्यातून घराच्या स्थितीप्रमाणे चार गट पाडून प्रत्येक गटातून चिठ्ठ्या टाकून काही घरे निवडायची, असे ठरले. त्या घरांतील स्त्रियांशी मी हंगामात तीन वेळा बोलेन : पेरणीत, खुरपणीत आणि काढणीनंतर. निवडलेली घरे चिठ्ठीतून आल्यामुळे आशाताईंनी गोळा केलेल्या बायका, ही गोधडी यांची भीतीही टळेल. त्या दुसऱ्या प्राध्यापिकांनी ‘चिठ्ठीत जी येईल तिला तुझ्याशी बोलायचे नसेल तर?’ असे विचारले. त्यावर नकार देणाऱ्या घरांची वेगळी नोंद ठेवायची आणि त्यांच्या जागी सोयीचे घर घ्यायचे नाही, एवढेच आम्हाला सुचले.

पाचवा प्रश्न मी काढून टाकला आहे. २०१९ मध्ये देशभर झालेल्या वेळेच्या वापराच्या सर्वेक्षणात पहाटे चार ते दुसऱ्या पहाटे चार असा अख्खा दिवस अर्ध्या-अर्ध्या तासाने विचारला गेला होता. घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर सरासरी २९९ मिनिटे खर्च करतात आणि करणारे पुरुष ९७ मिनिटे, हे त्यातूनच आले. २०२४ च्या पाहणीत हे आकडे २८९ आणि ८८ असे आहेत. मी तीच पद्धत माझ्यापुरती घेणार आहे, म्हणजे ‘काम’ हा शब्द न उच्चारताच दिवस उलगडेल. काल दोन घरांत प्रयत्न केला. अडचण अशी आली की अर्ध्या तासाचा हिशेब कोणाच्याच डोक्यात नसतो. ‘मुक्कामी एसटी सुटली तेव्हा धारा काढून झाल्या होत्या’, ‘पोरं शाळेतून आली तेव्हा वैरण टाकली’, ‘मोटारीची लाइट आली तशी रानात गेले’, अशी उत्तरे मिळतात. या खुणांचे तास मी मागाहून करू का, की तिथेच विचारू?

वहीखाली

तिथेच विचारू नका. उत्तर तुटते, आणि मग बाई आपल्याला घड्याळ शिकवणारी मास्तरीण समजते. ती सांगेल ती खूण तशीच लिहा. मात्र त्या गावाच्या खुणांचे एक वेगळे पान आधीच तयार करून ठेवा : मुक्कामी एसटी, शाळेची घंटा, डेअरीची गाडी, मोटारीच्या लाइटची पाळी. प्रत्येकीसमोर खरी वेळ लिहा.

अंशछेद

आणि ते पान दर फेरीला नव्याने करा. शेतीच्या विजेची पाळी कधी दिवसा तर कधी रात्री असते, तेव्हा ‘लाइट आली तशी रानात गेले’ या एकाच वाक्याचा अर्थ एका आठवड्यात सकाळचे दहा असेल आणि पुढच्या आठवड्यात रात्रीचे अकरा. ज्या तारखेला मुलाखत झाली त्या तारखेची पाळी त्याच पानावर लिहून ठेवली, तर रात्रीचे पाणी बायकाही धरतात का, आणि किती रात्री, याचा हिशेब वेगळा प्रश्न न विचारताच हाती येईल. एसटीची मात्र वेळापत्रकातली वेळ धरू नका, थांब्यावर दोन-तीन दिवस उभे राहून प्रत्यक्षातली लिहा.